ताईचा ताप

आमच्या आईला ताईच्या पीएचडीबद्दल एवढंच माहीत आहे, की ती तापावर काम करते. प्रोटीनचं नाव टॅप. आई फोनवर ताप ऐकते. दर रविवारी सांगलीहून विचारते, "तुझ्या तापाचं कुठवर आलं गं?" ताई म्हणते, "वाढतोय."

मागच्या पावसाळ्यात मीही त्यात ओढली गेले. ताई पुण्यात माझ्याच फ्लॅटवर राहते. तिची फेलोशिप संपायला सात महिने उरले होते आणि लॅपटॉपवर वेस्टर्न ब्लॉटचे शंभराच्या वर फोटो होते. प्रत्येक फोटोत काळे बँड. कुठला किती गडद, हे ती माऊसने एकेक चौकट काढून मोजत बसायची. "दिवसभर कोड लिहितेस ना, मग हे करून दे." पायथनमध्ये दोन संध्याकाळींचं काम, असं मला वाटलं.

आधी ब्लॉट म्हणजे काय ते समजून घेतलं. पेशी फोडायच्या, त्यातली प्रोटीनं जेलमधून विजेच्या जोरावर पळवायची. लहान पुढे जातात, मोठी मागे राहतात. मग ती सगळी एका पातळ मेम्ब्रेनवर उतरवायची. ते मेम्ब्रेन दुधाच्या भुकटीच्या पाण्यात भिजवायचं, म्हणजे रिकाम्या जागा भरतात आणि अँटीबॉडी भलतीकडे चिकटत नाही. (खरंच दुधाची भुकटी. लॅबमध्ये तिच्यावर 'चहासाठी नाही' असं लिहिलेलं असतं.) मग अँटीबॉडी घालायची. ती आपलं प्रोटीन शोधून धरते, तिला दुसरी अँटीबॉडी धरते आणि त्या दुसरीला जोडलेल्या एन्झाइममुळे तिथे उजेड पडतो. वेस्टर्न हे नाव म्हणजे निव्वळ कोटी आहे. डीएनएसाठीची अशीच पद्धत एडविन सदर्न यांनी काढली, त्यांच्या आडनावावरून ती सदर्न ब्लॉट. मग प्रोटीनची झाली वेस्टर्न.

टॅप करतं काय? आपल्या पेशी आतल्या प्रोटीनांचे सतत तुकडे करत असतात. त्यातले साधारण आठ ते सोळा अमिनो आम्लांचे तुकडे टॅप एटीपी खर्चून एका आतल्या कप्प्यात ढकलतं. तिथे ते एमएचसी नावाच्या रेणूवर बसतात आणि पेशीच्या पृष्ठभागावर जातात. बाहेर टी-पेशी येऊन ते तपासतात. तुकडा विषाणूचा निघाला तर पेशी मारली जाते. ओठावर फोड आणणारा हर्पीसचा विषाणू म्हणूनच टॅपलाच बूच मारतो. त्यासाठी त्याचं ८८ अमिनो आम्लांचं छोटंसं प्रोटीन आहे, आयसीपी-४७. काही कॅन्सरच्या पेशी टॅप बनवणंच कमी करतात. ताई तेच मोजत होती, मेलॅनोमा या त्वचेच्या कॅन्सरच्या सहा प्रकारच्या पेशींमध्ये. टॅपचे दोन भाग असतात. तिची अँटीबॉडी टॅप-१ वर बसणारी, सशाच्या रक्तातून काढलेली, विकतची.

माझी स्क्रिप्ट दुसऱ्या संध्याकाळी चालू झाली. तपासायला मला असा एक फोटो हवा होता ज्याचं उत्तर शून्य असायला हवं. "ज्यात टॅप नाहीच असा नमुना दे."

ताई थांबली. मग म्हणाली, "टी-२ पेशी असतात. त्यांच्यात टॅपची दोन्ही जनुकंच उडालेली आहेत. आमच्या नायट्रोजनच्या टाकीत असतील."

"मग लावल्या नाहीस कधी?"

"अगं, तीन पेपरांमध्ये हीच अँटीबॉडी आहे. डेटाशीटवर स्वच्छ बँड दाखवलाय."

मला माझीच एक टेस्ट आठवली. पहिल्या नोकरीत लिहिलेली, दीड वर्ष हिरवी दिसणारी. त्यात मी assert ची ओळच घातली नव्हती हे नंतर कळलं. ती नापास होऊच शकत नव्हती. मी हे ताईला सांगितलं, जरा जास्तच रंगवून.

टी-२ गोठवलेल्या होत्या. त्या वितळवून वाढवण्यात दोन आठवडे गेले. एका रात्री एकच्या सुमाराला तिचा व्हॉट्सअ‍ॅप आला, नुसता फोटो. टी-२ च्या लेनमध्ये बँड होता. टॅप-१ जिथे दिसतं तिथेच, ७० किलोडाल्टनच्या आसपास. शेजारच्या लेनमधून सांडलं असेल म्हणून तिने मध्ये एक लेन रिकामी सोडून पुन्हा केलं. बँड होताच.

म्हणजे ती अँटीबॉडी दुसऱ्याच कशाला तरी चिकटत होती. दीड वर्ष ताईने नेमकं काय मोजलं, हे कुणालाच सांगता येईना.

तिला जास्त लागलं ते वेगळंच. इंटरफेरॉन गॅमा दिलं की पेशी टॅप वाढवतात, हे पुस्तकातलं आहे. तिच्या पेशींत ते वाढलंच नव्हतं. कॅन्सरच्या पेशी कधीकधी इंटरफेरॉनला दाद देत नाहीत, हेही खरं असतं. म्हणून तिने तसं स्पष्टीकरण रचलं, त्याची स्लाइड केली, एका परिषदेत त्यावर टाळ्याही मिळाल्या. "मला तेव्हाच दिसलं होतं गं," ती म्हणाली, "आणि मी त्याची गोष्ट बनवली."

मी इथे एक चूक केली. बग सापडल्याचा जो आनंद होतो, तो माझ्या तोंडावर दिसला. "तुला काय," ताई म्हणाली, "तू दुरुस्त करशील आणि संध्याकाळी डिप्लॉय करशील." आठवडाभर आम्ही दुधाच्या हिशोबापलीकडे बोललो नाही.

कंपनीने दुसऱ्या लॉटची कुपी फुकट पाठवायची तयारी दाखवली. सशाच्या रक्तातल्या अँटीबॉडी अनेक तऱ्हांच्या मिसळलेल्या असतात. ससा बदलला की मिश्रण बदलतं. १९७५ साली केंब्रिजमध्ये कोलर आणि मिलस्टाईन यांनी एकाच तऱ्हेची अँटीबॉडी अखंड बनवणाऱ्या पेशी तयार केल्या. १९८४ साली त्यांना नोबेल मिळालं. अर्थात तीही चुकीच्या जागी चिकटू शकते. फक्त दर वेळी त्याच चुकीच्या जागी. ताईने गाईडना सांगून तसली मोनोक्लोनल मागवली. गाईड आधी म्हणाले होते, "सगळे जुनीच वापरतात." मग टी-२ चा फोटो बराच वेळ बघत बसले आणि त्यांनी ऑर्डरवर सही केली.

दीड महिन्याने थर्मोकोलचा डबा आला. या वेळी टी-२ पहिल्याच दिवशी लावल्या. लेन रिकामी. इंटरफेरॉन दिलेल्या पेशींत बँड जाडजूड, न दिलेल्यांत बारीक. तिने आधी चार प्रकारच्या पेशींत टॅप कमी आहे असं लिहिलं होतं. आता त्यातले दोनच उरले. तिसरं प्रकरण नव्याने लिहायचं ठरलं, फेलोशिपशिवायचे सहा महिने धरून. भाडं मी भरते. तो विषय आम्ही काढत नाही. जुना ब्लॉट ती थिसिसमध्ये घालणार आहे, टी-२ च्या लेनसकट.

रविवारी आईचा फोन आला. "ताप उतरला का गं?"

"दोघांचा नाही उतरला," ताई म्हणाली. आईला काही कळलं नाही, पण ताई हसली म्हणून तीही हसली.

फोन ठेवून ताईने नव्या ब्लॉटवर माझी स्क्रिप्ट चालवली. टी-२ च्या रिकाम्या लेनसमोर आकडा आला, ३.७.

"हे काय?" तिने विचारलं. "इथे तर काहीच नाहीये."

मी खुर्ची ओढली. बॅकग्राउंड वजा करायची ओळ मी चुकीच्या जागी लिहिली होती.