पुढचा खंड

पावसाळा सरल्यावर वडिलांचं कपाट उघडलं, तर यशवंतराव चव्हाणांच्या ‘कृष्णाकाठ’ या आत्मचरित्राच्या पुठ्ठ्यावर वाळवीनं मातीची रेघ ओढलेली. आतली शेवटची पानं चाळण झालेली. पोटात गलबललं.

याच प्रतीतून वडील आजीला वाचून दाखवायचे. देवराष्ट्रं, कराड, बेचाळीसची चळवळ, तुरुंग. आजी गहू निवडत ऐकायची. यशवंतरावांच्या आईचा, विठाईंचा, विषय आला की तिचे हात थांबायचे. यशवंतरावांची ती कहाणी 1946 पाशी संपली, तेव्हा तिनं विचारलं, “आन् पुढं?”

“पुढचे खंड लिहायच्या आत गेले ते.”

“मग दिल्लीचं कोन सांगनार?”

कॉलेजात राज्यशास्त्र शिकताना अमेरिकेचे परराष्ट्रमंत्री राहिलेल्या किसिंजर यांच्या आठवणींचे जाडजूड खंड हाती पडले. वाचताना आजीचा प्रश्न डोकं वर काढायचा, आणि रागही यायचा. 1974 च्या ऑक्टोबरात हेच किसिंजर दिल्लीत आले, तेव्हा आपले परराष्ट्रमंत्री यशवंतराव होते. त्या भेटीची आपल्या माणसाच्या हातची हकिगत मला हवी होती.

त्याहून जास्त हवं होतं ते चीनचं पान. 1962 च्या आक्रमणानंतर नेहरूंनी त्यांना मुंबईहून बोलावून संरक्षण खातं दिलं. खचलेलं सैन्य उभं करायचं होतं. आणि 1976 मध्ये भारतानं पंधरा वर्षांच्या खंडानंतर पेकिंगला राजदूत पाठवला, के. आर. नारायणन यांना, तेव्हा परराष्ट्र खातं यशवंतरावांकडेच होतं. ज्या शेजाऱ्यानं घाव घातला त्याच्याशी पुन्हा बोलणं सुरू करताना मनात काय उलथापालथ झाली असेल? दिल्लीनं काय दिलं नि काय ओरबाडून घेतलं, आणीबाणीत ते गप्प का राहिले, हेही त्यांच्याच तोंडून ऐकायचं होतं.

अगदीच काही उरलं नाही असं नाही. परदेश दौऱ्यांतून वेणूताईंना लिहिलेली पत्रं ‘विदेश दर्शन’मध्ये आली. त्या पत्रांवर माझा फार जीव आहे. दिवसभर शब्द तोलून बोलणारा मंत्री रात्री बायकोशी मोकळं बोलतो. 1983 मध्ये वेणूताई गेल्या. पुढच्या वर्षी, 25 नोव्हेंबरला, तेही गेले.

त्यांच्याबरोबर वावरलेल्या कार्यकर्त्यांच्या, कारकुनांच्या घरांत अजून कुठे एखादी वही, एखादं पत्र पडलं असेल. तुमच्या माळ्यावर असेल तर रद्दीत घालू नका. वाळवी लागायच्या आत जवळच्या ग्रंथालयात नेऊन द्या.