उतरणीची तालीम

रविवार. पोलादपूरहून पहाटे निघून रायगड गाठला. सुमारे दीड हजार पायऱ्या. चढताना दम लागतोच, पण मला हवी होती ती उतरण. रोपवे मुद्दाम टाळला.

फेब्रुवारीत गुलमर्गला पहिल्यांदा पायांत स्की बांधल्या. पुढची टोकं जवळ, टाचा फाकवून वेग आवरायचा, एवढंच शिकले. दुपारपर्यंत मांड्या थरथरू लागल्या. उतरताना मांडीचा स्नायू ताणला जात असतानाच भार पेलतो, बर्फावरही काम तेच. म्हणून आज गुडघे किंचित वाकवून, प्रत्येक पाऊल हळू टेकवत उतरले. घरी भिंतीला पाठ लावून अधांतरी बैठक चालूच आहे.

शेवटच्या पायरीवर पाय स्थिर होते. केवढा आनंद झाला! पुढच्या रविवारी पुन्हा येणार.