दाराबाहेरचे मूल

मुख्याध्यापकाच्या खुर्चीत बसले की मनुष्यास आपण सर्वज्ञ झालो असे वाटू लागते. आम्हांसही तसेच वाटे. सातारा जिल्ह्यात असताना एक शेतकरी आपल्या मुलीस घेऊन आमच्याकडे आला. म्हणाला, "गुरुजी, पोरीला ऐकू येत न्हाई; पर समदं उमजतंय." अशा मुलांची सोय येथे नाही, असे सांगून आम्ही त्याची बोळवण केली.

आमच्या मागे भिंतीवर कर्मवीर भाऊराव पाटलांची तसबीर होती! १९१९ साली काले येथे रयत शिक्षण संस्था स्थापून, १९२४ पासून साताऱ्याच्या वसतिगृहात सर्व जातींच्या मुलांना एका पंक्तीस बसविणारे ते भाऊराव. त्या मुलांच्या अन्नासाठी लक्ष्मीबाईंनी अंगावरचे दागिने मोडले. आम्हांस तर केवळ एक बाक द्यावयाचा होता.

पुढे आम्ही विशेष शिक्षणाचे रीतसर शिक्षण घेतले व सांगलीकडे मूकबधिर मुलांत रमलो. तेथे कळले, की 'प' आणि 'ब' ओठांवर सारखेच दिसतात. भेद कळावयास गळ्याला बोट लावावे लागते. नुसते पाहून निकाल देणाऱ्या आम्हांस हा धडा पुरेसा होता.

मान्यताप्राप्त शाळांनी भेदभाव न करता अशा मुलांस प्रवेश द्यावा, असे २०१६ सालचा कायदा सांगतो. आमचा अपराध त्यापूर्वीचा. म्हणून तो लहान ठरत नाही. त्या मुलीस शोधावे, असे अनेकदा मनात येते. परंतु तिचे नाव आम्ही विचारलेच नव्हते.