नऊ सेकंदांचें उड्डाण

ह्या शाळेंत असतांना आम्ही दोघे एकाच बाकावर बसत असूं, आणि वहीचीं पानें फाडून केलेलीं विमानें वर्गांत उडविल्याबद्दल वर्गाबाहेरही बरोबरच उभे राहत असूं. आतां आम्ही विद्यापीठांत विमानविद्येचाच अभ्यास करीत आहों. तेथील आमच्या विद्यार्थी-मंडळाच्या वर्षभराच्या उद्योगाविषयीं चार शब्द लिहावेत अशी गुरुजनांची आज्ञा झाली, ती शिरसावंद्य मानून हा लेख सादर करीत आहों.

आमचें वर्ष पावसाबरोबर सुरू होतें. मैदान पाण्यानें भरलेलें असल्यामुळें पहिले तीन महिने उड्डाण नाहीं. केवळ वाचन आणि गणित. दर शनिवारीं कोणी तरी एक विषय मांडावयाचा असा परिपाठ आहे. राइट बंधूंची हकीकत त्यांत निघालीच. १९०१ सालचें त्यांचें घसरविमान अपेक्षेपेक्षां फारच कमी उचल देऊं लागलें, तेव्हां त्यांनीं वाऱ्याला दोष दिला नाहीं. घरीं परत येऊन त्यांनीं वारा वाहविण्याची एक लांब पेटी तयार केली, तींत सुमारें दोनशें आकारांचे लहान पंख तपासले, आणि सर्वमान्य असलेला आंकडाच चुकीचा असल्याचें त्यांना आढळून आलें. १७ डिसेंबर १९०३ रोजीं त्यांचें यंत्र प्रथम उडालें तें अवघे १२ सेकंद व १२० फूट. परंतु त्या बारा सेकंदांच्या पाठीशीं ती पेटी होती.

आपल्याकडील विद्यार्थ्यांचीही गोष्ट निघाली. पुण्याच्या अभियांत्रिकी महाविद्यालयांतील विद्यार्थ्यांनीं बांधलेला, जेमतेम एक किलो वजनाचा ‘स्वयम्’ हा उपग्रह २२ जून २०१६ रोजीं श्रीहरिकोट्याहून आकाशांत गेला. आणि त्याच वर्षीं २६ सप्टेंबर रोजीं मुंबईच्या आय. आय. टी.च्या विद्यार्थ्यांचा ‘प्रथम’ त्याच्या मागोमाग गेला. ज्यांनीं ह्या कामास आरंभ केला ते बहुतेक विद्यार्थी तोंपर्यंत शिक्षण संपवून बाहेर पडले होते. आपण लावलेल्या झाडाचें फळ पुढच्या तुकडीनें चाखावें, ह्यांतही एक आनंद आहे.

दिवाळीनंतर कारखान्यांत हात घातला. बाल्सा नांवाच्या अत्यंत हलक्या लांकडाच्या फांसळ्या कापून, दीड मीटर लांबीचा पंख आम्हीं उभा केला. डिंकानें बोटें चिकटलीं, चार फांसळ्या वांकड्या झाल्या, त्या पुन्हां कापल्या. पंखाच्या मागील कडेस, दोन्ही टोकांजवळ, एक एक हलती पट्टी असते. तिला एलेरॉन म्हणतात. विमान उजवीकडे कलवावयाचें असेल तर उजवी पट्टी वर व डावी खालीं जावयास हवी. हें वाक्य वाचकांनीं ध्यानांत ठेवावें. आमची सर्व कथा त्यावरच अवलंबून आहे.

जानेवारींत एका रविवारीं सकाळीं पहिलें उड्डाण ठरलें. यंत्र चालविण्याचा मान दुसऱ्या वर्षाच्या एका विद्यार्थ्यास मिळाला. मुलाचें कौतुक पाहण्यासाठीं त्याचे वडील रात्रीच्या एस. टी.नें गांवाहून आले होते. विमान धांवलें, उचललें, टाळ्या वाजल्या. आणि तें किंचित् डावीकडे कललें. त्यानें कांडी उजवीकडे वळविली, तों तें अधिकच डावीकडे झुकलें. त्यानें आणखी वळविली. विमान पालथें होऊन नाकावर आपटलें. घड्याळानें नऊ सेकंद दाखविले.

कोणी म्हणालें वारा होता. कोणी म्हणालें हात बिचकला. तो मुलगा खालच्या मानेनें एवढेंच म्हणाला, “हात कांपला असेल माझा.” त्याचे वडील कांहीं न बोलतां तुकडे वेंचूं लागले.

त्या रात्रीं आम्ही दोघांनीं ते तुकडे मेजावर मांडले व सहज विद्युत्घट जोडून पाहिला. कांडी उजवीकडे नेली. उजवी पट्टी खालीं गेली! आदल्या दिवशीं आम्हींच एक मोटर बदलली होती, आणि तिची दिशा उलटी राहिली होती. उड्डाणापूर्वींच्या तपासणीचा कागद आमच्याच स्वाधीन होता. पट्ट्यांच्या ओळीपुढें बरोबरची खूण होती. परंतु पट्ट्या कोणीच पाहिल्या नव्हत्या. एकाला वाटलें दुसऱ्यानें पाहिल्या, दुसऱ्याला वाटलें पहिल्यानें.

वाचकहो, खरें सांगावयाचें तर त्या रात्रीं आम्हांस मोह झाला. एक कळ फिरविली असती तर दिशा सुधारली असती, आणि कोणाला कांहीं कळलें नसतें. आम्ही बराच वेळ एकमेकांकडे न पाहतां बसून राहिलों. पण त्या गृहस्थांचे वेंचणारे हात डोळ्यांपुढून हलेनात. दुसऱ्या दिवशीं मंडळापुढें उभे राहून आम्हीं सर्व सांगितलें, आणि त्या विद्यार्थ्याची क्षमा मागितली. आमचे प्राध्यापक रागावले नाहींत, त्यांनीं खडू आमच्या हातीं दिला व म्हटलें, “आतां नवी तपासणी तुम्हींच लिहा.”

तेव्हांपासून नियम असा, कीं एकानें ओळ मोठ्यानें वाचावी, दुसऱ्यानें कांडी हलवावी, तिसऱ्यानें पट्टीपाशीं उभें राहून जें दिसेल तें मोठ्यानें सांगावें, आणि मगच खूण करावी. त्या मुलानें सायंकाळीं आम्हांदेखतच वडिलांना फोन लावला. तो काय बोलला हें लिहिण्याची आवश्यकता नाहीं.

मार्चमध्यें दुरुस्त केलेलें विमान पुन्हां उडालें. कांडी त्याच्याच हातीं होती, आणि कागद आमच्या. चार मिनिटें मैदानावर घिरट्या घालून तें अलगद गवतावर उतरलें.

विद्यार्थिमित्रहो, तुमच्यापैकीं कित्येक पुढें यंत्रें बांधतील, कित्येक औषधें देतील, कित्येक हिशेब लिहितील. न पाहतां केलेली खूण सर्वत्र सारखीच घातक असते. आणि पालकांस एकच विनंती: मुलाच्या हातून कांहीं मोडलें, तर ‘कोणीं मोडलें’ ह्याआधीं ‘कसें मोडलें’ हें विचारावें. आम्हांस तसें विचारणारे गुरु भेटले, म्हणून हा लेख लिहिण्याचें धैर्य झालें.