पंचेचाळीस अंशांचा सांधा

तसबिरीच्या चौकटीकडे कोणी पाहत नाही. पाहतात ते आतल्या चेहऱ्यांकडे. चौकटीचे कोपरे उसवू लागले, की मात्र नजर आधी तिकडे जाते. दोन पट्ट्या ४५ अंशांत कापून ९० अंशांत जोडायच्या, एवढेच हे काम. ते किती अवघड आहे, हे मला उतारवयात कळले.

सुरतेतल्या आमच्या मराठी माध्यमाच्या हायस्कुलात दहावीच्या जुन्या वर्गांचे फोटो ओळीने टांगले आहेत. खानदेशातून मागावर काम करायला आलेल्या कुटुंबांची ही मुले. जुने विद्यार्थी आपल्या लेकरांना घेऊन येतात, तिसऱ्या रांगेतल्या चेहऱ्यावर बोट ठेवून म्हणतात, "हा मी." त्या बोटाशेजारीच कोपऱ्याची फट दिसे. अशा तेवीस चौकटी. निवृत्तीपूर्वी त्या स्वतःच्या हातांनी नव्या करायच्या, असे मी ठरवले.

राहायला आम्ही हजीऱ्याला, मुलाच्या कारखान्यामुळे. तापी इथे समुद्राला मिळते. हवा दमट आणि खारी. दमट हवेत लाकूड रुंदीला फुगते, लांबीला जवळजवळ नाही. म्हणून कोरड्या दिवसांत जोडलेला कोपरा पावसाळ्यात बाहेरच्या टोकाला उघडतो, आणि पावसाळ्यात जोडलेला उन्हाळ्यात आतून उघडतो. हे कळल्यावर डांगच्या सागाच्या पट्ट्या आधी दोन महिने घरातच हवेशीर रचून ठेवल्या.

आता कापायचे कशाने? हातकरवतीने आणि खाचांच्या लाकडी पेटीने एखादी चौकट होते. तेवीस चौकटी म्हणजे १८४ काप. तेव्हा मायटर सॉ घ्यायचे ठरले. हे यंत्र आपण सर्वांनी पाहिलेले असते, फक्त नाव ठाऊक नसते. सरकत्या खिडक्या करणाऱ्यांच्या दुकानात कर्कश आवाज करत अॅल्युमिनियम कापते, तेच हे. दुकानदार पुढे-मागे सरकणारे १२ इंची यंत्र दाखवू लागला. चौकटीच्या पट्टीला त्याची गरज नाही. मी १० इंची, साधे, वरून खाली येणारे निवडले. पाते मात्र पारखून घ्यावे. अॅल्युमिनियमचे पाते वेगळे, लाकडाचे वेगळे. फाळक्या तोडायला २४ ते ४० दात पुरतात. चौकटीचा सांधा स्वच्छ हवा तर ६० ते ८० दात हवेत.

आमच्या सौ. यंत्राकडे पाहून म्हणाल्या, "फळ्यावर लिहायची बोटं आहेत ती, सांभाळा." मिनिटाला चार-पाच हजार फेरे घेणाऱ्या पात्यापुढे हा उपदेश अनाठायी नव्हता. हात पात्यापासून वीतभर दूर, पाते पूर्ण थांबल्याशिवाय वर उचलायचे नाही, आणि कशालाही हात लावण्यापूर्वी प्लग काढायचा, असे तीन नियम मी पडवीच्या भिंतीवर खडूने लिहिले. डोळ्यांना चष्मा आणि नाकाला फडके आहेच.

यंत्र मांडून द्यायला शेजारचे सुतारकाका आले, सौराष्ट्रातले. मी म्हटले, "यंत्रावर ४५ ची खाच आहेच की!" ते हसले. "मशीन तो कापे, साहेब, पण खूणो तो तमारे ज जोवो पडे." त्यांनी गुण्या लावून आधी पाते उभे सरळ आहे का, ते पाहिले. मग एक फळी काटकोनात कापली, अर्धा तुकडा उलटा करून दुसऱ्याला भिडवला. जी फट दिसते, तिच्या निम्मी चूक यंत्रात. मागच्या टेकणपट्टीचे स्क्रू सैल करून ती फट नाहीशी होईपर्यंत त्यांनी चार वेळा कापले.

एवढा आटापिटा का? हिशेब करून पाहा. प्रत्येक कापात अर्धा अंश चुकला, तर आठ कापांत चार अंश होतात. तीन कोपरे घट्ट बसतील आणि चौथ्यात, दोन इंची पट्टीवर, पाच मिलिमीटर फट राहील. दोष चौथ्या कोपऱ्याचा वाटतो, असतो आठांचा. वर्गात शेवटच्या बाकावरचा मुलगा मागे पडला, की आपणही असेच बोलतो.

समोरासमोरच्या पट्ट्या तंतोतंत सारख्या हव्यात, म्हणून एका टोकाला ठोकळा पक्का करून त्याला टेकवूनच कापाव्यात. दोन्ही बाजूंना यंत्राच्या उंचीचे टेकू द्यावेत. खाऱ्या हवेत लोखंड गंजते, म्हणून उघड्या भागांवर तेलाचा हात फिरवावा. खंडेनवमीला यंत्राला हळदकुंकू वाहिले, तेव्हा काकांनीही आपला रंधा आणून शेजारी ठेवला. आम्ही ज्याला सांधा म्हणतो त्याला ते सांधो म्हणतात, काम एकच.

तेवीस चौकटी झाल्या. चोविसावी यंदाच्या दहावीची. आमच्या मुलांचे पालक आता गुजराती किंवा इंग्रजी शाळा निवडतात; पोटापाण्याचा विचार आहे, दोष कोणाला द्यावा? या फोटोत अकराच मुले आहेत. फोटो लहान पुरला असता. मी मात्र ठोकळा हलवला नाही. पन्नास मुलांच्या जुन्या फोटोला जेवढी चौकट, तेवढीच या अकरांना केली.