हद्दीच्या खुणा

एखाद्या गावात चार भावांची शेतजमीन वाटली जाते. मोजणीदार येतो, हद्दीचे दगड रोवले जातात आणि कोणाचा वाटा कोठून कोठवर, हे एका कागदावर लिहून तो कागद कचेरीत ठेवला जातो. पुढे त्या कागदाला वाळवी लागली तर? कचेरीतला कारकून निर्विकारपणे सांगेल, की अशी जमीन दप्तरी नाही. जमीन मात्र जागच्या जागी असते. तिच्यातले पीकही वाऱ्यावर डोलत असते. नाहीशी झालेली असते ती केवळ तिची नोंद.

संगणकातील हार्ड डिस्कचा एखादा विभाग बिघडतो, तेव्हा बहुधा असेच घडते. हार्ड डिस्क म्हणजे आरशासारख्या गुळगुळीत, चुंबकीय लेप दिलेल्या चकत्यांची पेटी. तिच्यावरील जागेचे वाटे पाडतात आणि त्यांना पार्टिशन असे म्हणतात. जुन्या पद्धतीत या वाटणीचा कागद चकतीच्या अगदी पहिल्या खणात असतो. हा सेक्टर नावाचा खण अवघा ५१२ बाइटांचा. आणि त्यातही वाटणीसाठी राखलेली जागा ६४ बाइटांची. वाटे चार, प्रत्येकास १६ बाइट. एक बाइट म्हणजे रोमन लिपीतील एक अक्षर मावेल एवढी जागा. हजारो छायाचित्रे, पत्रे, हिशेब आणि गाणी यांचा ठावठिकाणा अखेर अशा चौसष्ट अक्षरांवर अवलंबून असावा, ही नवलाचीच गोष्ट होय! लिहिणे चालू असताना वीज गेली किंवा तो खणच खराब झाला, की साऱ्या वाटणीचा घोळ होतो. जीपीटी या नव्या पद्धतीत त्या कागदाची दुसरी प्रत चकतीच्या शेवटी ठेवलेली असते. हे शहाणपण माणसाला उशिरा सुचले. पण सुचले, हे बरे झाले.

नोंद हरवली, की संगणकही त्या कारकुनासारखाच वागतो. समोर जमीन असूनही ती त्याला दिसत नाही. तो विचारतो, "ही डिस्क वापरण्यापूर्वी फॉरमॅट करावी लागेल. करू का?" खरा धोका या साध्या प्रश्नात दडलेला आहे. फॉरमॅट करणे म्हणजे पुष्कळदा जुन्या वाट्यावर नव्या, कोऱ्या नोंदवहीची स्थापना करणे. तेवढ्याने सगळे पीक लगेच नष्ट होत नाही. परंतु त्यानंतर जे जे नवे लिहावे, ते जुन्या पिकावर नांगर फिरवीत जाते. एखाद्या घरी आजीने गायिलेल्या ओव्या तिच्याच आवाजात साठवून ठेवलेल्या असतात आणि आजी आता हयात नसते. तेथे घाबऱ्याघुबऱ्या दाबलेले एक 'होय' केवढे महाग पडेल!

म्हणून जाणता माणूस प्रथम काहीही करीत नाही. त्या डिस्कवर एक अक्षरही लिहावयाचे नाही, एवढेच तो पाळतो. मग तेवढ्याच किंवा अधिक मोठ्या दुसऱ्या डिस्कवर तो तिची खणागणिक नक्कल उतरवितो आणि पुढील सारे प्रयोग त्या नकलेवर करतो. या कामासाठी जीएनयू डीडीरेस्क्यू नावाची एक आज्ञावली आहे. आंब्याच्या आढीतून घरातील वडीलधारी बाई जसे चांगले आंबे आधी अलगद उचलून घेते आणि डागाळलेल्यांकडे मागाहून वळते, तसे ही आज्ञावली प्रथम सुस्थितीतील खण वाचते. अडून बसलेल्या खणांची नोंद ठेवून त्यांच्याकडे नंतर येते.

नक्कल हाती आल्यावर नव्या मोजणीदाराचे काम सुरू होते. क्रिस्तोफ ग्रेनिए या फ्रेंच संगणकतज्ज्ञाने लिहिलेली टेस्टडिस्क ही आज्ञावली कचेरीत जातच नाही. ती थेट शेतात उतरते. प्रत्येक वाट्याच्या आरंभी त्याची ओळख पटविणारा एक खण असतो. एनटीएफएस नावाच्या व्यवस्थेत तर त्या खणाची एक प्रत वाट्याच्या अखेरीसही ठेवलेली असते. चकतीभर हिंडून असे दगड शोधावयाचे, त्यांवरून हद्द ठरवावयाची आणि माणसाने रुकार दिला की वाटणीचा कागद नव्याने लिहावयाचा, अशी तिची रीत. हद्द अचूक जुळली आणि आतील नोंदी शाबूत असल्या, तर सगळे घरदार नावनिशीसह परत दिसू लागते.

परंतु वाट्याच्या आतील अनुक्रमणिकाही नष्ट झाली असेल, तर? मग ग्रेनिए यांचीच फोटोरेक ही दुसरी आज्ञावली कामास येते. ती नोंदी विचारीत नाही, वस्तूचे तोंड पाहते. जेपेग पद्धतीचे छायाचित्र २५५, २१६, २५५ या आकड्यांनी सुरू होते; ती खूण दिसली, की येथून एक छायाचित्र सुरू होते, असे तिला कळते. सहलीचे छायाचित्र असे परत मिळते, पण त्याला दिलेले 'सहल' हे नाव मिळत नाही. आणि एकच फाइल निरनिराळ्या ठिकाणी तुकड्यातुकड्यांनी ठेवलेली असेल, तर तिचे सर्व तुकडे जुळतीलच असे नाही.

ज्या खणावर नवे लिहिले गेले, त्यातील जुने मात्र परत येत नाही. चकती नसलेल्या एसएसडी साठ्यात तर पुसलेले खण पुढे आपोआप साफ केले जातात. डिस्कमधून टकटक असा आवाज येऊ लागला, तर आज्ञावलीचा नाद सोडून ती तत्काळ बंद करावी आणि तज्ज्ञाकडे न्यावी.

कागद हरवणे निराळे आणि जमीनच भाजून निघणे निराळे. तेही एकदा घडले. १ फेब्रुवारी २००३ रोजी पृथ्वीवर परतताना कोलंबिया हे अवकाशयान अमेरिकेतील टेक्सास राज्यावर विखरून पडले आणि कर्नालला जन्मलेल्या कल्पना चावला यांच्यासह सातही अंतराळवीर मृत्युमुखी पडले. यानात झेनॉन या वायूवरील एक प्रयोग चालला होता. त्यातील काही माहिती उड्डाणातच पृथ्वीवर आली होती. उरलेली एका हार्ड डिस्कवर होती. ती डिस्क सुमारे सहा महिन्यांनी एका कोरड्या तलावाच्या तळाशी सापडली. तिचे आवरण जळाले होते आणि आत धूळ शिरली होती. परंतु क्रोल ऑनट्रॅक या कंपनीतील तज्ज्ञाला आतील चकत्या वाकलेल्या आढळल्या नाहीत. डिस्क सुमारे अर्धीच भरलेली होती, आणि जेथे इजा झाली तेथे माहिती लिहिलेली नव्हती. शिवाय तो संगणक डॉस या जुन्या व्यवस्थेवर चालत असल्याने माहिती इतस्ततः विखुरलेली नव्हती. चकत्या रसायनाने धुऊन दुसऱ्या पेटीत बसविल्या आणि सुमारे ९९ टक्के माहिती हाती आली. त्याच यानातील आणखी दोन डिस्कमधून मात्र काहीही निघाले नाही.

एका विशिष्ट अवस्थेतील झेनॉन ढवळला असता फेटलेल्या मलईसारखा सहज वाहू लागतो, हे दाखविणारा त्या प्रयोगाचा निबंध २००८ साली प्रसिद्ध झाला.