अंतरपाटाच्या कडेला

सरकारी नोकराला बदलीच्या गावी दोन गोष्टींनी प्रतिष्ठा लाभते. एक तर त्याला पेटी वाजवता यावी, किंवा त्याच्यापाशी कॅमेरा असावा. पेटीशी आमचे कधी जमले नाही. कॅमेरा मात्र आहे; आणि दिल्लीत रामकृष्णपुरमच्या क्वार्टरांतून राहणाऱ्या मराठी मंडळींत ही वार्ता पसरल्यापासून लग्नसराईतल्या रविवारांवर आमचा स्वतःचा असा हक्क उरलेला नाही. पत्रिका येते ती हळदीकुंकू लावून येते, सहकुटुंब येण्याविषयी आग्रह होतो, आणि जिना उतरता उतरता यजमान सहज आठवल्यासारखे म्हणतात, "कॅमेरा आणालच म्हणा!" हे आमंत्रण नेमके कोणाला, आम्हाला की त्या यंत्राला, याची चौकशी आम्ही करीत नाही. सौभाग्यवतींच्या मते ती करण्याजोगी आहे.

कोणी म्हणेल, पैसे देऊन ठरवलेले फोटोग्राफर असताना तुमची गरज काय? गरज आहे, आणि ती दिल्लीच्या हवेत आहे. इथला फोटोवाला आपल्या कामात वाकबगार असतो, पण त्याचा हात बसलेला असतो तो रात्रीच्या लग्नांवर. डोळे दिपवणारे दिवे, उंच व्यासपीठ, सावकाश चालणारी जयमाला, मध्यरात्रीनंतरचे फेरे. आपले लग्न लागते सकाळी अकरा वाजून सत्तावीस मिनिटांनी, वसाहतीच्या समाजसदनात. एका अंगाला दाराचा उजेड, डोक्यावर ट्यूबलाइट, आणि मांडवाच्या लाल-पिवळ्या कापडाची झाक सर्वांच्या चेहऱ्यांवर. वधूच्या पिवळ्या अष्टपुत्रीने तर कॅमेऱ्याची रंगांची अक्कल साफ गुंग होते. मंगलाष्टके चालू असतात तोवर तो बिचारा भिंग बदलीत असतो. एवढ्यात शेवटचे 'सावधान' होते, वाजंत्री वाजते, अंतरपाट निघतो, माळा पडतात आणि सारे संपते. मग तो अजिजीने म्हणतो, "पंडितजी, वो कपड़ा एक बार और." त्या वेळचा गुरुजींचा चेहरा हा खरा टिपण्यासारखा असतो.

आमच्या आजोबांपाशी बडोद्यास तयार होणारा आग्फाचा 'क्लिक थ्री' होता. एका रोळात बारा फोटो. तेरावा मागायची सोय नव्हती. घरातल्या एका अख्ख्या लग्नाला आजोबांनी बारा फोटो वापरले, आणि त्यांतले दोन पंगतीवर खर्च केले म्हणून आजीने त्यांना पुढे अनेक वर्षे ऐकवले. त्यांचा स्वतःचा लग्नानंतरचा फोटो स्टुडिओत जाऊन काढलेला आहे. मागे रंगवलेले कारंजे, आजोबा खुर्चीवर, मनगटावरचे घड्याळ दिसेल अशा बेताने हात मांडीवर ठेवलेला. आजी शेजारी उभी, तिची बोटे खुर्चीच्या पाठीला जेमतेम टेकलेली. दोघांच्या मध्ये वीतभर अंतर. त्या वितीत काय काय होते ते फोटोने आजवर कोणाला सांगितलेले नाही.

हल्ली ही वीत लग्नापूर्वीच मिटवण्याची प्रथा आली आहे. हिवाळ्यातल्या सकाळी लोदी बागेत जावे. दर पन्नास पावलांवर एक भावी दांपत्य एकमेकांच्या डोळ्यांत पाहत उभे असते, आणि फोटोवाला त्यांना आणखी जवळ सरकवीत असतो. मागे शोभेला पंधराव्या शतकातल्या मुहम्मद शाह सय्यदची कबर! संसाराचा आरंभ थडग्याच्या साक्षीने करण्याची ही कल्पना आपल्या कोणा पुरोहिताला सुचली असती, तर लोकांनी त्याला गावाबाहेर काढले असते. आमचा त्यास विरोध नाही. दोघांनाही घाम फुटलेला नसतो, पाहुण्यांची वर्दळ नसते, उजेड मऊ असतो. चित्रे सुरेख येतात. फक्त त्यांत त्या दोघांखेरीज कोणी नसते, आणि कधीकधी ते दोघेही नसतात.

फोटो हा पुरावा असतो, हे कारकुनाला शिकवावे लागत नाही. लग्नाच्या नोंदणीच्या अर्जाला विवाहसमयीचा फोटो जोडण्याची रीत आहे, आणि नव्या बायकोचे नाव आरोग्य योजनेच्या कार्डावर चढवायचे तर पुढचे सारे कागद त्या नोंदणीवरच चालतात. आता कायदा काय म्हणतो पाहा. १९५५ च्या हिंदू विवाह कायद्याचे सातवे कलम सांगते की, जिथे सप्तपदी हा विधीचा भाग आहे तिथे सातवे पाऊल पडताच विवाह पूर्ण होतो आणि बंधनकारक ठरतो. विधीच झाला नसेल तर नोंदणीच्या नुसत्या दाखल्याने विवाह सिद्ध होत नाही, असे सर्वोच्च न्यायालयानेही २०२४ साली स्पष्ट केले. पण सातव्या पावलाचा फोटो आजवर आमच्याकडे कोणी मागितलेला नाही. त्या वेळी पाने मांडली गेलेली असतात, आणि कायद्याने ज्याला लग्न म्हणावे ते गुरुजी, वधूवर आणि दोन-चार वृद्ध एवढ्यांच्या उपस्थितीत पार पडते. लोकांचे लग्न अंतरपाटापाशीच लागलेले असते.

त्या अंतरपाटाविषयी एक गोष्ट फोटो काढणाऱ्यालाच ठाऊक असते. वधूच्या मागे उभे राहिले तर वर दिसतो, वराच्या मागे उभे राहिले तर वधू. पण पाट धरणाऱ्याच्या खांद्याशी, कापडाच्या अगदी कडेच्या रेषेत उभे राहिले की तो पाट उभ्या रेघेएवढा होतो आणि दोन्ही चेहरे एकाच वेळी दिसतात. ज्यांनी एकमेकांना पाहायचे ते पाहू शकत नाहीत, आणि आपण मात्र दोघांनाही पाहत असतो. वर बहुधा समोरच्या कापडाकडे असे पाहतो, जणू त्यावर परीक्षेची प्रश्नपत्रिका उमटणार आहे. वधू खाली पाहते. पण एखादी अचानक मान वर करून कापडापलीकडे पाहिल्यासारखी पाहते. अक्षता उडतात. सेकंदाच्या अडीचशेव्या भागात त्या हवेत जिथल्या तिथे थांबतात, साठाव्या भागात त्यांच्या पांढऱ्या रेघा होतात. आम्हाला रेघा आवडतात. या जागी उभे राहिल्यावर आपण काहीतरी आपले नसलेले पाहत आहोत, अशी जाणीव होते. म्हणून तिथून आम्ही चारपाचांवर फोटो काढीत नाही.

दोन वर्षांपूर्वी माघातल्या एका लग्नात आम्ही याच जागी उभे होतो. आमच्या एका ज्येष्ठ सहकाऱ्याच्या मुलीचे लग्न. वधूचा मामा नागपूरहून निघाला होता. परंतु उत्तरेतल्या धुक्याने त्याची गाडी आग्र्याजवळ खोळंबून ठेवली. मुहूर्त धुक्यासाठी थांबत नाही. मुलगी गौरीहरापुढे बसलेली, आणि तिला बोहल्यावर आणायला मामा नाही. सख्खा नाही आणि लांबचाही नाही. बदलीच्या गावी लांबचे नातेवाईक खरोखरच लांब असतात. गुरुजी म्हणाले, मामाच्या स्थानी कोणीही मानाचा माणूस चालेल. मुलीच्या वडिलांनी इकडेतिकडे पाहिले आणि वरच्या मजल्यावरच्या तमिळ शेजाऱ्यांचा हात धरला. हे गृहस्थ हिशेबतपासणीच्या खात्यात. निवृत्तीला तीन वर्षे उरलेली. ही मुलगी लहान असताना रोज सकाळी तिला आपल्या स्कूटरवर पुढे उभी करून शाळेत सोडीत. त्यांनी हिंदीत विचारले, "आमच्याकडे मामा मुलीला खांद्यावर घेतो. इथे चालवतच आणायचे ना? माझे गुडघे बरे नाहीत." त्या गंभीर घटकेला सारे सदन हसले. कोणीतरी त्यांच्या डोक्यावर टोपी ठेवली, आणि पांढऱ्या वेष्टीवर ती टोपी घालून ते मुलीला घेऊन आले.

मंगलाष्टके सुरू झाली. मामा वधूच्या पाठीशी उभा. धंदेवाइक फोटोवाल्याला हे मधेच आलेले गृहस्थ कोण ते कळेना. त्याने हात हलवून सांगितले, "अंकलजी, ज़रा साइड में." ते निमूटपणे बाजूला होऊ लागले. तोच वधूने, मान न वळवता, हार धरलेला हात किंचित मागे नेऊन म्हटले, "मामा, इथंच थांबा." आजवर ती त्यांना अंकल म्हणत आली होती. ते थांबले. आम्ही कडेच्या रेषेत होतो. तो फोटो आम्हाला मिळाला. वर कापडाकडे पाहतो आहे, वधू खाली पाहते आहे, आणि तिच्या खांद्यामागे टोपी घातलेले ते गृहस्थ छताकडे पाहून डोळ्यांतले पाणी आवरीत आहेत.

खरा मामा संध्याकाळी चार वाजता पेटी घेऊन दारात उभा राहिला. त्याला जेवायला वाढले, पण कोणी फारसे बोलले नाही.

आठवड्याने आम्ही फोटो छापून नेले. वधूच्या आईने तो एक फोटो हातात धरून बराच वेळ पाहिला. मग म्हणाल्या, "भाऊजी, नागपूरला पाठवायच्यांतून हा तेवढा काढा. माझ्या भावाला लागेल. त्याची एकुलती एक भाची." फोटोत वाईट काहीच नव्हते, पण बहिणीला भाऊ कळतो. दुसरीकडे मुलीने सासरहून निरोप धाडलेला, की अल्बममध्ये पहिला तोच हवा. धंदेवाइकाच्या हजारभर फोटोंत ते गृहस्थ एकदाच, तेही अर्धे आले होते. तेव्हा हा वगळला, तर त्या लग्नात ते नव्हतेच असे कागदोपत्री झाले असते. कागदोपत्री नसलेल्या माणसाचे काय होते, हे आम्ही कार्यालयात रोज पाहतो. आम्ही तीन पाकिटे केली. नागपूरच्या पाकिटात तो घातला नाही, मुलीच्या पाकिटात सर्वांत वर ठेवला, आणि एक मोठी प्रत करून वरच्या मजल्यावर दिली. वरच्या बाईंनी ती देवांच्या तसबिरींखालच्या फळीवर ठेवली.

पुढे उन्हाळ्यात मुलगी आजोळी गेली तेव्हा अल्बम बरोबर नेला होता. मामाने पहिले पान उघडले, पाहिले, आणि विचारले, "हे कोण?" ती म्हणाली, "मामा." त्याने पान उलटले. यापलीकडे त्या दिवशी काही झाले नाही, असे तिच्या आईकडून आम्हाला कळले. आणि त्यांच्या आवाजावरून ते पुरेसे झाले होते.

गेल्या मार्गशीर्षात तो दिल्लीस आला. गाडी वेळेवर होती. बहिणीकडे चहा घेतला, आणि संत्रा बर्फीचा खोका घेऊन एकटाच वर गेला. तासाभराने वरून आम्हाला बोलावणे आले, कॅमेऱ्यासकट. पाहतो तो पितळी पेल्यांतून कॉफी चाललेली, दोघांचेही हिंदी यथातथाच, आणि विषय निवृत्तिवेतनाचा. फोटो हवा होता तो दोघांचा. आम्ही खिडकीचा उजेड पाहून दोन खुर्च्या शेजारी मांडल्या. दोघेही जुन्या स्टुडिओतल्या नवदांपत्यासारखे ताठ बसले, हात मांडीवर, नजर समोर, मध्ये वीतभर अंतर. थोडे जवळ सरका म्हणून आम्ही दोनदा सांगितले. दोघांनी मान हलवली आणि कोणीच सरकले नाही. मग आम्ही तसाच काढला.